क्षयरोग आणि वॉर्डात शिकणारी आपली मुलं-मुली

दहावी-बारावीनंतर मुकुटबन आणि झरी जामणी तालुक्यातल्या गावांमधून आपल्या समाजातली मुलं-मुली एएनएम, जीएनएम, लॅब टेक्निशियनच्या अभ्यासक्रमांना जातात. कुणी ‘नीट’ पार करून एमबीबीएसला पोहोचतं. घरातून पहिल्यांदा कुणी पांढरा कोट घालतं, त्याचा अभिमान साऱ्या वस्तीला असतो. पण त्या कोटासोबत येणाऱ्या क्षयरोगाच्या धोक्याबद्दल प्रवेशाच्या वेळी क्वचितच कुणी बोलतं.

हा धोका आपल्या विदर्भातच मोजला गेला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत 726 आरोग्य कर्मचारी आणि विद्यार्थ्यांची तपासणी झाली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्या लोकांची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी क्षयरोगाच्या संसर्गासाठी पॉझिटिव्ह निघाली. तिथल्याच मेडिकल-नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची 2004 मध्ये आणि पुन्हा 2005 मध्ये तपासणी झाली. आधी दोन्ही चाचण्या निगेटिव्ह असलेल्या 147 जणांपैकी 17 जणांची रक्तचाचणी दुसऱ्या वेळी पॉझिटिव्ह आली.

संसर्ग म्हणजे लगेच आजार नव्हे. जंतू शरीरात सुप्त राहतात. अशा शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो आणि पहिल्या दोन वर्षांत ही शक्यता सर्वाधिक असते. कुपोषण, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल तर ती आणखी वाढते. म्हणून होस्टेलच्या मेसमधलं निकृष्ट जेवण आणि पैसे वाचवायला टाळलेला नाश्ता हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

धोका नेमका कुठे?

टीबी वॉर्डात, असं सगळ्यांना वाटतं. पण योग्य औषधं सुरू झालेल्या रुग्णाकडून होणारा संसर्ग झपाट्याने कमी होतो. खरा धोका निदान न झालेल्या रुग्णाकडून असतो. ओपीडी, कॅज्युअल्टी, जनरल वॉर्डात तो खोकत बसलेला असतो आणि त्याच्या अगदी जवळ बसून माहिती लिहून घेणारा बहुतेक वेळा विद्यार्थीच असतो. जंतू हवेतून पसरतात, त्यामुळे बंद खिडक्यांची खोली सर्वांत वाईट. साधा मास्क रुग्णाने लावला तर त्याच्या खोकल्यातले थेंब अडतात. जवळ काम करणाऱ्याला मात्र एन-95 लागतो. लहानपणी घेतलेल्या बीसीजीवर मोठेपणी विसंबता येत नाही.

जोखीम कामाची, हक्क मात्र नाही

2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत आरोग्यसेवेत जडणारे संसर्गजन्य आजार व्यवसायजन्य मानले होते. पण तो कायदा कर्मचाऱ्यांसाठी होता. तोच वॉर्ड आणि तीच हवा वाट्याला येणारा विद्यार्थी ‘कर्मचारी’ ठरत नाही. मग आजारी पडल्यावर हजेरी कमी भरते, परीक्षा हुकते, वर्ष वाया जाते. लग्न मोडेल या भीतीने मुली आजार लपवतात. सुट्टीत दोन खोल्यांच्या घरी आल्यावर आजी-आजोबा आणि लहान भावंडांनाही धोका पोहोचतो.

काय करायचं?

कॉलेजकडे संघटितपणे चार गोष्टी मागा: प्रवेशावेळी व दरवर्षी तपासणी, मोफत एन-95, हवेशीर ओपीडी आणि आजारपणात हजेरीची सवलत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, मानेला गाठ, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच तपासणी करा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर 2024 पासून उपचाराच्या काळात दरमहा 1000 रुपये मिळतात, विद्यार्थ्यांनाही. औषधं मध्येच सोडली तर आजार औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

तथागतांनी दुर्लक्षित, आजारी भिक्खूला आनंदांसोबत स्वतः आंघोळ घातली. रुग्णसेवा हा आपला वारसा आहे. सेवा करणाऱ्याचं रक्षण हाही त्याचाच भाग. विहारात यंदा गुणवंतांचा सत्कार होईल, तेव्हा नर्सिंग-मेडिकलला निघालेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या आईवडिलांना एवढी माहिती अवश्य द्या.