दह्यातले जंतू औषधाला दाद देत नाहीत, मग?

मालवणी जेवणातली सोलकढी नारळाच्या रसाची, तिला विरजण लागत नाही. पण दही-ताक घरोघरी असतेच. त्यातल्या जंतूंवर प्रतिजैविके चालत नाहीत, असे मोबाइलवर वाचून अनेकजण बिचकतात. त्यात खरे किती?

गैरसमज : औषधाला न जुमानणारा जंतू घातकच.
वस्तुस्थिती : दह्यातले अनेक लॅक्टोबॅसिलस जंतू व्हॅन्कोमायसिनला मुळातच दाद देत नाहीत. त्यांच्या पेशीभित्तिकेत या औषधाला धरायला जागाच नसते. हा गुण उपजत असल्याने सहसा दुसऱ्या जंतूकडे जात नाही. काळजी करायची ती बाहेरून मिळवलेल्या प्रतिकाराची. टेट्रासायक्लिन किंवा एरिथ्रोमायसिनला निष्प्रभ करणारी जनुके प्लाझ्मिडवर (एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर) असली, तर ती आतड्यातल्या रोगजंतूंनाही मिळू शकतात.

गैरसमज : दूध उकळले की चिंता मिटली.
वस्तुस्थिती : उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र बराचसा तसाच राहतो. ‘दगडी’ (कासदाह) झालेल्या गाईच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली, तर दूध न वापरण्याची औषधावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत ते दूध घरात वापरू नये, डेअरीलाही घालू नये. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत हा अंश मर्यादेपेक्षा जास्त होता.

गैरसमज : दही लागले नाही, म्हणजे विरजणच खराब.
वस्तुस्थिती : कधी गारठा नडतो, कधी विरजण जुने असते. पण दुधात पेनिसिलिन उतरले असेल, तरीही विरजणातले जंतू वाढत नाहीत. उलट, दही घट्ट लागले म्हणून दुधात औषध नाही असेही ठरत नाही. थोड्या अंशात साधे जंतू मागे पडतात आणि प्रतिकार करणाऱ्यांचे फावते.

गैरसमज : प्रतिजैविकाची गोळी दह्याबरोबर घेतलेली बरी.
वस्तुस्थिती : सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि टेट्रासायक्लिन दह्यातल्या कॅल्शियमला बांधली जातात आणि रक्तात कमी उतरतात. दोन्हींत किती तासांचे अंतर ठेवायचे, ते डॉक्टरांना विचारावे. लावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस) मिळणारी डॉक्सिसायक्लिनही सांगितली तेवढीच घ्यावी. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत आणि गुरांनाही घालू नयेत.

तेव्हा निरोगी माणसाने या भीतीपोटी ताक सोडायचे कारण नाही. प्रतिकाराला खतपाणी मिळते ते गोठ्यात आणि औषधाच्या डब्यात. रतीब घालणाऱ्याला एवढेच विचारावे : गाईला औषध चालू आहे का, आणि त्याची मुदत संपली का?