पवनाकाठचा समाधी महोत्सव

मार्गशीर्ष वद्य षष्ठी ही चिंचवडच्या श्रीमोरया गोसावींच्या संजीवन समाधीची तिथी. इंग्रजी महिन्यांच्या हिशेबाने ती डिसेंबरात, तर कधी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. त्या सुमारास पवनाकाठचे समाधी मंदिर आणि देऊळमळ्याचे पटांगण काही दिवस माणसांनी भरलेले असते. पिंपरी-चिंचवडची ओळख आता कारखान्यांवरून होते. पण या शहराला स्वतःचा म्हणावा असा संत आहे आणि त्याचा उत्सव कारखान्यांहून कितीतरी जुना आहे.

मोरया गोसावी हे गाणपत्य संप्रदायातील सर्वांत प्रभावी संत. परंपरेनुसार त्यांचे आईवडील, पार्वतीबाई आणि वामनभट, कर्नाटकातून मोरगावी आले आणि तेथील मयूरेश्वराच्या सेवेत राहिले. मोरयांनी नयन भारती यांचे शिष्यत्व पत्करले आणि थेऊरला अनुष्ठान केले. पुढे ते चिंचवडजवळच्या किवजाईच्या रानात येऊन राहिले. ताथवड्याच्या कुलकर्णी घराण्यातील उमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. चिंतामणी हे त्यांचे पुत्र. चिंचवडहून मोरगावची वारी त्यांनी सोडली नाही. तेथे कऱ्हेत स्नान करताना ओंजळीत गणेशमूर्ती आली, अशी कथा आहे. ती मूर्ती चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यात पुजली जाते. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी आजही मोरगावला जाते. गणेशोत्सवात घरोघरी होणाऱ्या जयघोषातला ‘मोरया’ म्हणजे हेच संत, अशी सर्वदूर श्रद्धा आहे.

तिथीबद्दल वाद नाही. वाद आहे तो वर्षाबद्दल. देवस्थान समाधीचे वर्ष शके १४८३, म्हणजे इ.स. १५६१ मानते. उत्सवाचा अनुक्रमांकही तेथूनच मोजला जातो. समाधी मंदिरावरील मराठी शिलालेख मात्र वेगळाच हिशेब समोर ठेवतो. त्यानुसार मंदिराचे काम शके १५८० मध्ये, विलंबी संवत्सरात, कार्तिक शुद्ध द्वादशीला सुरू झाले आणि विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला पुरे झाले. म्हणजे १६५८च्या हिवाळ्याच्या तोंडावर पाया घातला आणि १६५९च्या पावसाळ्यात मंदिर उभे राहिले. मंदिर चिंतामणी महाराजांनी बांधले, असे परंपराच सांगते. वडिलांच्या समाधीनंतर ९७ वर्षांनी मुलाने बांधकाम सुरू केले, हे सहज पटणारे नाही. म्हणून काही अभ्यासक मोरया गोसावींचा काळ सतराव्या शतकात आणतात. चिंतामणी महाराजांना ‘देव’ हे नाव संत तुकारामांनी दिले, ही आख्यायिकाही त्याच काळाकडे बोट दाखवते. घराण्याचे आडनाव पुढे देव असेच रूढ झाले.

समाधी ‘संजीवन’ मानली जाते. मोरया जिवंतपणी गुहेत जाऊन बसले, चिंतामणींनी वर शिळा बसवली आणि ती कधीही न उघडण्याची आज्ञा झाली, अशी श्रद्धा आहे. मंदिराची बांधणी साधी आहे: पुढे चौकोनी मंडप आणि मागे अष्टकोनी गाभारा.

मोरयांच्या वंशात गणेशाचा अंश सात पिढ्या राहील, या समजुतीमुळे चिंचवडचे देव हे राज्यकर्त्यांनाही वंदनीय होते. संस्थानाला इनाम गावे मिळाली. इंग्रज अधिकारी एडवर्ड मूर यांनी १८०० मध्ये देवांची भेट घेतली आणि त्यावरचा त्यांचा निबंध पुढच्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम या लेखिकाही चिंचवडला येऊन गेल्या. १८१० मध्ये सातव्या देवांबरोबर मूळ वंश खुंटला. पूजा, वारी आणि उत्सव मात्र चालूच राहिले.

गावाचे रूप पालटले ते स्वातंत्र्यानंतर. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. साठच्या दशकात भोसरीची औद्योगिक वसाहत, आकुर्डीचा बजाज ऑटो आणि पिंपरीचा टेल्को हे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे वाहनउद्योग चाकणपर्यंत पसरला. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती. यातले बरेच लोक मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परराज्यांतून पोटापाण्यासाठी आलेले. मोरया गोसावीही बाहेरूनच येऊन इथले झाले होते.

बाहेरून आलेला संत गावाचा पालक होणे ही जगाला नवी गोष्ट नाही. भूमध्य समुद्रातील माल्टा या दर्यावर्दी बेटाचा पालक संत म्हणजे सेंट पॉल. त्याचे जहाज इ.स. ६०च्या सुमारास बेटाजवळ फुटले, अशी परंपरा आहे. त्या घटनेचा सण १० फेब्रुवारीला साजरा होतो. संताची मूर्ती खांद्यावर घेऊन लोक व्हॅलेटाच्या रस्त्यांतून मिरवतात. तिथे तारीख ठरलेली आणि वाट समुद्राची. चिंचवडला तिथी ठरलेली आणि वाट नदीची.

आजचा महोत्सव चिंचवड देवस्थान ट्रस्ट आणि महानगरपालिका मिळून भरवतात. अभिषेक, चरित्रपठण, मोरया गोसावींची पदे, कीर्तन आणि महाप्रसाद हा त्याचा जुना गाभा. त्याच्या जोडीला व्याख्याने, गायनाच्या मैफली, रक्तदान आणि आरोग्य तपासणीची शिबिरे आली. देवघराण्याचा उत्सव असा शहराचा झाला.

उत्सवाची जागा मात्र पुराच्या टप्प्यात आहे. मुसळधार पावसात पवना धरणातून विसर्ग वाढला की नदीचे पाणी मंदिरात शिरते आणि ओसरल्यावर गाळ काढावा लागतो. साडेतीनशे वर्षांहून जुनी ही वास्तू आणि तिच्यावरचा शिलालेख टिकवायचा असेल, तर उत्सवाच्या मांडवाइतकेच लक्ष नदीकाठाकडेही द्यायला हवे. वाचकांपैकी कोणाला समाधी दिनाला जायचे असेल, तर तारखेवर विसंबू नये. पंचांगात मार्गशीर्ष वद्य षष्ठी पाहूनच निघावे.