फार्न बेटांचे पाहुणे

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, नॉर्दंबरलँड परगण्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर, उत्तर समुद्रात फार्न नावाचा लहान बेटांचा पुंजका आहे. बेटे नेमकी किती, या प्रश्नाचे उत्तर भरती-ओहोटी पाहून द्यावे लागते. समुद्राला पूर्ण भरती असेल तर पंधराच्या आसपास आणि ओहोटी लागली की अठ्ठावीसपर्यंत. या बेटांवर गाव नाही, शेत नाही की बाजार नाही. तरीही वसंत ऋतू सुरू झाला की समोरच्या सीहाउसेस या छोट्याशा बंदरात प्रवाशांच्या रांगा लागतात. दुर्बिणी आणि कॅमेरे गळ्यात अडकवून माणसे बोटींत बसतात ती उन्हाळ्यात समुद्रपक्षी आणि शरदात सील पाहण्यासाठी.

वरकरणी ही काही तासांची साधी सहल. पण तिच्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, कायदे आहेत, विज्ञान आहे आणि त्याहून महत्त्वाचा असा संयम आहे. वन्यजीवांच्या किती जवळ जावे, किती वेळ थांबावे आणि कधी मुळीच पाऊल ठेवू नये, हे ठरवता ठरवता फार्नच्या सफरीला आजचे रूप आले आहे. निसर्ग पर्यटनाचा बोलबाला असलेल्या काळात ही कथा समजून घेण्यासारखी आहे.

येथे एवढे पक्षी का येतात, याचे पहिले उत्तर खडकात सापडते. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील तप्त रस खडकांच्या थरांमध्ये घुसला आणि भूपृष्ठाखालीच थंड झाला. त्यातून डोलेराइट हा कठीण, काळा पाषाण तयार झाला. आपल्या सह्याद्रीतील बेसाल्टचा हा भाऊबंदच. फरक इतकाच की बेसाल्टचा रस भूपृष्ठावर येऊन थिजला. फार्नमधील काही बेटांच्या एका अंगाला या पाषाणाचे सरळ तुटलेले कडे आहेत, तर माथ्यावर मातीचा पातळ थर साचला आहे. कड्यांवरच्या अरुंद पायऱ्या आणि माथ्यावरची माती यांच्यावरच पक्ष्यांची वाटणी ठरते. भोवतालच्या समुद्रात मासळी आहे आणि बेटांवर कोल्हा, मांजर यांसारखे जमिनीवरचे शिकारी नाहीत. समुद्रपक्ष्याला वीण घालण्यासाठी याहून अधिक काय हवे?

कड्यांवर गिलमॉट या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांची दाटी असते. ते घरटे बांधत नाहीत. उघड्या दगडावरच एकुलते एक अंडे घालतात. हे अंडे एका टोकाला निमुळते असते. त्यामुळे ते गडगडत न जाता स्वतःभोवती फिरते, असे पूर्वी सांगितले जाई. ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञ टिम बर्कहेड यांच्या संशोधनाने मात्र वेगळे उत्तर पुढे आणले. या आकारामुळे अंडे उतरत्या दगडावर मुळातच अधिक स्थिर बसते. पिल्लू सुमारे तीन आठवड्यांचे झाले की नीट उडता येत नसतानाच कड्यावरून खाली झेपावते. पाण्यात त्याचा पिता हाका मारत वाट पाहत असतो आणि पुढील संगोपन तोच करतो. शेजारच्या कपारींत माती आणि पाणवनस्पतींची घरटी करून किटिवेक जातीचे कुरव नांदतात. त्यांच्या ओरडण्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले आहे.

माथ्यावरच्या मातीत मात्र पफिनचे राज्य. काळी पाठ, पांढरे पोट आणि केशरी-लाल पट्ट्यांची जाड चोच असलेला हा कबुतराएवढा पक्षी म्हणजे बहुतेक प्रवाशांचे मुख्य आकर्षण. ती रंगीत चोच विणीच्या हंगामापुरतीच असते. हंगाम सरला की चोचीवरची रंगीत आवरणे गळून पडतात आणि पुढचे महिने पफिन जमिनीला पाय न लावता समुद्रावर काढतो. एप्रिलमध्ये तो बेटावर परततो, बिळात एकच अंडे घालतो आणि जुलैअखेरीस निघून जातो. जीभ आणि टाळूवरच्या काट्यांच्या आधारे पकडलेले मासे धरून ठेवत तो आणखी मासे टिपतो. म्हणूनच चोचीत रुपेरी माशांची झालर घेऊन उडणारा पफिन छायाचित्रांत दिसतो. हे बीळ भुसभुशीत मातीत असते आणि माणसाचे एक बेपर्वा पाऊल ते खचवायला पुरेसे ठरते. बेटावर उतरणाऱ्यांना लाकडी फळ्यांची वाट सोडू दिली जात नाही, याचे कारण हेच.

आर्क्टिक सुरय हा या बेटांचा आणखी एक विलक्षण पाहुणा. जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचा हा पक्षी उत्तरेचा उन्हाळा संपला की अंटार्क्टिकाकडे निघतो. १९८२च्या उन्हाळ्यात फार्नवर ज्याच्या पायात खूणकडी घातली, ते पिल्लू त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आढळले. पुढे २०१५-१६मध्ये इथल्या एका सुरयाच्या पायाला सूक्ष्म नोंदयंत्र बांधून न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या प्रवासाचा माग घेतला. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रापर्यंत जाऊन परत येईपर्यंत त्याने सुमारे ९६ हजार किलोमीटर अंतर कापले होते. असा जग पालथा घालणारा पक्षी घरट्यापाशी मात्र अत्यंत तापट असतो. जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर तो थेट टोच मारतो. सुरयांची वीण चालू असताना बेटावर टोपी घालून उतरा, ही सूचना म्हणूनच गंभीरपणे घ्यावी लागते. अलीकडच्या वर्षांत या वसाहतीला उतरती कळा लागली आहे, ही चिंतेची बाब.

पक्षी गेल्यावर बेटे ओस पडत नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात राखाडी सीलच्या माद्या पिल्लांना जन्म देण्यासाठी खडकांवर येतात. या जातीचे एक तृतीयांशाहून अधिक प्राणी ब्रिटनच्या किनाऱ्यांवर राहतात आणि फार्नवर अलीकडे एका हंगामात दोन हजारांहून अधिक पिल्ले जन्मल्याची नोंद आहे. जन्मतः पिल्लाच्या अंगावर शुभ्र लोकर असते आणि वजन चौदा किलोच्या आसपास. आईच्या अतिशय स्निग्ध दुधावर ते दिवसाला सुमारे दोन किलोने वाढते. आई मात्र या काळात स्वतः काही खात नाही. अडीच-तीन आठवड्यांत ती पिल्लाला सोडून समुद्रात जाते आणि पिल्लाला पुढचे जगणे स्वतःच शिकावे लागते.

या थोडक्या दिवसांत बोट फार जवळ आली, इंजिनाचा आवाज वाढला किंवा कोणी आरडाओरडा केला तर बिथरलेल्या माद्या पाण्याकडे धाव घेतात. त्या गोंधळात पिल्ले चिरडली जाऊ शकतात, दूध तुटते, आई-पिल्लाची ताटातूट होते. प्रवाशाला क्षणभर मिळालेले जवळचे छायाचित्र पिल्लाला असे महागात पडू शकते. जाणकार तांडेल हे ओळखून असतो. सीलने मान उंचावून बोटीकडे रोखून पाहिले, की आपण आवश्यकतेपेक्षा जवळ आलो आहोत हे तो समजतो. तो वेग कमी करतो, सील आणि पाणी यांच्यामधली वाट अडवत नाही आणि हळूच मागे सरतो. ब्रिटनमध्ये अशा बोटचालकांना प्रशिक्षण देणारी ‘वाइज’ नावाची योजना २००३पासून चालते.

हा शहाणपणा सहजी आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, फार्नपासून दीडशे किलोमीटरहून अधिक दक्षिणेला असलेल्या यॉर्कशरमधील फ्लॅम्बरो येथील कड्यांकडेही बोटींच्या सहली निघत. फरक एवढाच, की त्या बोटींतील प्रवाशांच्या हाती दुर्बिणींऐवजी बंदुका असत. घरट्यावर बसलेले पक्षी केवळ मौजेखातर टिपले जात; त्यांची पिल्ले कड्यांवर उपाशी मरत. किटिवेकचे पंख स्त्रियांच्या टोप्या सजवण्यासाठी विकले जात. दाट धुक्यात पक्ष्यांच्या कलकलाटावरून कडा जवळ आल्याचे दर्यावर्दींना कळत असे; त्यामुळे या संहाराविरुद्ध बोलणाऱ्यांत पक्षीप्रेमींबरोबर किनाऱ्यावरील लोकही होते. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड न्यूटन यांनी १८६८मध्ये या प्रश्नाला जाहीर वाचा फोडली आणि १८६९मध्ये ब्रिटिश संसदेने समुद्रपक्षी संरक्षण कायदा संमत केला. विणीच्या महिन्यांत समुद्रपक्षी मारण्यास त्याने बंदी घातली. राखाडी सीलला कायद्याचे संरक्षण मिळायला १९१४ साल उजाडावे लागले.

फार्नवर या विचाराची परंपरा मात्र बरीच जुनी आहे. सातव्या शतकात संत कथबर्ट यांनी इनर फार्न बेटावर एकांतवास पत्करला आणि ६८७मध्ये तेथेच देह ठेवला. तेथील आयडर बदकांना त्यांनी अभय दिले होते, असे परंपरा सांगते. नॉर्दंबरलँडमध्ये या बदकांना आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. माणसांच्या कुतूहलाचा जाच माणसालाही कसा होतो, याचाही दाखला याच बेटांवर आहे. ७ सप्टेंबर १८३८ रोजी ‘फॉरफारशर’ हे जहाज येथील खडकांवर फुटले. लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची बावीस वर्षांची मुलगी ग्रेस डार्लिंग हिने वडिलांबरोबर वल्ही मारत खवळलेल्या समुद्रात जाऊन वाचलेल्यांना सोडवले. ती रातोरात देशाची नायिका झाली आणि तिला पाहण्यासाठी लोक बोटी भरभरून दीपगृहावर येऊ लागले. या कौतुकाने ती बेजार झाली. अवघ्या चार वर्षांत, १८४२मध्ये, क्षयाने तिचा अंत झाला.

१९२५पासून ही बेटे नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. ट्रस्टचे कामही पेचप्रसंगांतून सुटलेले नाही. सीलची संख्या वाढली तेव्हा त्यांच्या अवजड देहांखाली माथ्यावरचा मातीचा थर उखडू लागला. माती गेली की पफिनची बिळे गेली. १९७०च्या दशकात येथे सील मारण्याची मोहीमही झाली आणि तिच्यावर मोठा गदारोळ उठला. पुढे मातीची बेटे तेवढी सीलपासून राखायची आणि खडकाळ बेटे त्यांना मोकळी सोडायची, असा मध्यममार्ग निघाला. एका प्राण्याचे रक्षण दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकते, हा धडा यातून मिळाला.

खरी कसोटी लागली ती २०२२मध्ये. एच५एन१ या बर्ड फ्लूच्या साथीने ब्रिटनच्या समुद्रपक्ष्यांना ग्रासले. खेटून बसणारे गिलमॉट आणि किटिवेक यांच्या वसाहतींत ती झपाट्याने फैलावली. नखशिखांत संरक्षक पोशाख घातलेल्या रेंजरनी त्या वर्षी फार्नवरून सहा हजारांहून अधिक मृत पक्षी गोळा केले. जुलै २०२२मध्ये बेटांवर उतरण्यास बंदी घालण्यात आली आणि २०२३चा संपूर्ण हंगामही ती कायम राहिली. अखेर मार्च २०२४मध्ये इनर फार्न पुन्हा खुले झाले. त्याच वर्षीच्या गणनेत पफिनच्या ५० हजारांहून अधिक जोड्या आढळल्या. २०१८च्या गणनेपेक्षा ही संख्या सुमारे १५ टक्क्यांनी जास्त होती. जमिनीखाली स्वतंत्र बिळांत राहण्याच्या सवयीने पफिनना बहुधा तारले असावे. इतर अनेक जातींचे नुकसान मात्र मोठे होते.

पक्ष्यांचे भवितव्य बेटांवर जितके ठरते, तितकेच पाण्याखालीही. सँडईल हा वाळूत दडणारा बोटभर लांबीचा मासा म्हणजे पफिन, किटिवेक आणि सुरय यांचे मुख्य अन्न. समुद्राचे तापमान वाढत असल्याने त्याचे गणित आधीच बिघडते आहे. खतांत आणि पशुखाद्यात वापरण्यासाठी होणारी त्याची औद्योगिक मासेमारी २०२४मध्ये उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडील भागात बंद करण्यात आली. युरोपीय संघाने त्यास आक्षेप घेतला आणि वाद लवादापुढे गेला. २०२५मधील निवाड्यानंतरही ब्रिटनने बंदी उठवली नाही.

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध? भारतीय किनाऱ्यावर सील नाहीत आणि पफिनही नाहीत. परंतु मालवण, दापोली आणि गोव्याच्या किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी आहेत. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय आणि पाकोळ्या वीण घालतात. आपल्याकडे दिसणारा कुबड असलेला डॉल्फिन जागतिक पातळीवर संकटग्रस्त गणला जातो आणि भारतीय कायद्यानेही त्याला संरक्षण आहे. तरी डॉल्फिन दिसताच तीन-चार बोटींनी त्याला घेरावे आणि प्रवाशांनी ‘आणखी जवळ’ म्हणून आग्रह धरावा, हे दृश्य नवे नाही. त्या आग्रहापुढे मान तुकवली नाही तर उद्या गिऱ्हाईक दुसऱ्या बोटीत बसेल, अशी चालकाची अडचण असते. म्हणजे नियम पाळण्याची जबाबदारी केवळ तांडेलावर टाकून भागणार नाही. तिचा मोठा वाटा प्रवाशानेच उचलायला हवा.

बेटांवर उतरण्याची बंदी असतानाही सीहाउसेसच्या बोटी फार्नला दुरून फेरी घालतच होत्या आणि त्यांना प्रवासी मिळतच होते. कड्यावरचे पक्षी आणि खडकावर पहुडलेले सील त्यांना पाण्यावरूनच दिसत. पाऊल न ठेवताही पाहण्याचा आनंद मिळतो, हे त्या दोन हंगामांनी दाखवून दिले. आपल्याकडच्या बोटीत बसतानाही, दिसलेला प्राणी आपल्यामुळे दूर पळाला नाही, यातच सहलीचे सार्थक मानायला आपण शिकलो, तर पुढच्या वर्षीही तो तेथे दिसण्याची आशा बाळगता येईल.