फेब्रुवारीची कात्री

फेब्रुवारी संपत आला की इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या आमच्या मागच्या अंगणात कात्री निघते. कुंपणाच्या तारेवर क्लेमॅटिस नुसता वाळून लटकलेला असतो. तपकिरी, ठिसूळ, हात लावला की कुरकुरतो. नवख्याला वाटावं, गेला हा. पण जवळून पाहिलं तर पेरापेराशी समोरासमोर दोन डोळे फुगलेले दिसतात. जमिनीपासून तीसेक सेंटिमीटरवरची एक ठसठशीत जोडी हेरायची आणि तिच्या लगेच वर कापायचं. त्यावरचा माणसापेक्षा उंच पसारा ओढून काढायचा. हातमोजे घालूनच, कारण या वेलाच्या रसाने कातडी चुरचुरते.

हा वेल म्हणजे क्लेमॅटिसची ‘जॅकमॅनाय’ ही जात. जवळच्याच वोकिंगमध्ये जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली केलेल्या संकरातून तो आला आणि १८६२ मध्ये पहिल्यांदा फुलला. गर्द जांभळा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती त्याची निदलं. खऱ्या पाकळ्या त्याला नसतातच.

एवढी निर्दय छाटणी त्याला मानवते, कारण त्याची फुलं त्याच वर्षी फुटलेल्या कोवळ्या फांदीवर येतात. ‘नेली मोझर’ या दुसऱ्या क्लेमॅटिसची गोष्ट वेगळी. तिचा मे-जूनचा पहिला बहर गेल्या वर्षीच्या जून काडीवर असतो. तिला फेब्रुवारीत बुडापर्यंत कापलं तर तो बहर कचऱ्याच्या पिंपात जातो. तिच्या फक्त मेलेल्या आणि काटकुळ्या फांद्या काढायच्या. मोंटाना या क्लेमॅटिसला तर फुलं गळेपर्यंत हातच लावायचा नाही. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि कोणत्या काडीच्या कितव्या डोळ्यात घड दडलाय, हे सगळं त्याच्या बोटांत असतं. इंग्लंडमधल्या रोपवाटिका लेबलवर छाटणीचा गट एक, दोन की तीन, हे बहुधा छापून देतात. लोक लेबल फेकतात आणि मग फुलं येत नाहीत म्हणून खतं बदलत बसतात.

लागवडीत एकच गोष्ट जगावेगळी आहे. बहुतेक रोपं कुंडीतल्या मातीच्या पातळीलाच लावायची असतात. मोठ्या फुलांचा क्लेमॅटिस मात्र त्याहून पाच-सात सेंटिमीटर खोल. काही डोळे मातीखाली गेले पाहिजेत. याचं कारण जूनमध्ये कळतं. कळ्यांनी भरलेली फांदी अचानक मान टाकते, देठ काळे पडतात. पाणी कमी पडलं असेल म्हणून लोक बादल्या ओततात, पण पुष्कळदा ती बुरशी असते. रोगट भाग निरोगी खोडापर्यंत, वेळ पडली तर जमिनीपर्यंत कापून टाकायचा. मग मातीखालच्या डोळ्यांतून वेल पुन्हा उठतो. कधी महिन्याभरात, कधी थेट पुढच्या वसंतात. व्हिटिसेला जातीच्या वेलांना हा रोग फारसा शिवत नाही. पहिलाच वेल लावणाऱ्याने तीच जात घ्यावी, असं माझं मत.

मुळं सावलीत आणि डोकं उन्हात, असा इथला जुना सल्ला. बुडाशी फरशीचा तुकडा ठेवणारेही आहेत. मला विचाराल तर सावलीपेक्षा ओल महत्त्वाची. भिंतीच्या अगदी कडेला पाऊस पोहोचत नाही, म्हणून खड्डा भिंतीपासून हातभर दूर घ्यायचा, त्यात कुजलेलं खत भरायचं आणि वेल भिंतीकडे कलता लावायचा.

एप्रिलपासून खरी धावपळ. द्राक्षासारखे ताणे या वेलाला नसतात; तो पानाच्या देठाने पकडतो. डार्विनने चढणाऱ्या वनस्पतींवरच्या १८६५ च्या निबंधात या देठांचं बारीक निरीक्षण नोंदवलं आहे: स्पर्श झाला की देठ वळतो. पण देठ तो केवढासा! जाड खांबाला त्याची मिठी पुरत नाही. आधार पेन्सिलीहून जाड नको. तार, सुतळी किंवा बारीक कामट्या उत्तम. शेंडे काचेसारखे मोडतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ते हलक्या हाताने आडवे पसरून सैल बांधायचे. सरळ वर सोडले तर सगळी फुलं शेंड्यावर येतात, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीसमोर.

वर उल्लेखलेला मोंटाना मूळचा हिमालयातला. १८३१ मध्ये तो ब्रिटनमध्ये आला. आणण्याचं श्रेय लेडी ॲम्हर्स्ट यांना देतात. सह्याद्रीतही याच कुळातली मोरवेल आहे. पावसाळ्यानंतर झुडपांवर तिची पांढरी फुलं पसरतात आणि मागून पिसासारख्या शेपट्यांच्या बिया येतात. पुण्यातले मित्र मोठ्या फुलांच्या जातींची रोपं मागवण्याबद्दल विचारतात. त्या जातींना हिवाळ्याची थंड विश्रांती लागते, तेव्हा मी त्यांना मोरवेलच सुचवतो. फक्त तिच्यासाठी बाल्कनीतली जाळी पुरणार नाही. एखादं दांडगं झुडूप तिच्या हवाली करावं लागेल.