उंदीर बोका पकडतो

सकाळी ८. टी. टी. नगर, म्हणजे आमच्या भोपाळचं तात्या टोपे नगर. पोह्यांवर शेव, शेजारी जिलबी. आईला ही जोडी अजून पटलेली नाही, पण ती रोज खाते.

९:३०. लॅपटॉप उघडते. कंपनी पुण्याची, माझं काम डेबियन या संगणक-प्रणालीची पॅकेजं बांधायचं. प्रोग्रॅम आणि कुठली फाइल कुठे बसवायची याची माहिती, सगळं एका गाठोड्यात बांधायचं. त्यासाठी 'डीबिल्ड' वापरते. हा मुकादम आहे: बांधणी 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज'कडून, तपासणी 'लिंटियन'कडून आणि सही 'डीबसाइन'कडून करवून घेतो.

१०:१५. घाईची चाचणी, तपासणी नको. लिहिते: डीबिल्ड -यूएस -यूसी --नो-लिंटियन. पहिले दोन पर्याय 'सही नको' म्हणणारे. उत्तर येतं: अनोळखी पर्याय. अनोळखी कसा? माहितीपानावर तर आहे!

११. माहितीपान पुन्हा, सावकाश. आधी डीबिल्डचे पर्याय, मग बिल्डपॅकेजचे, शेवटी '--लिंटियन-ऑप्ट्स' लिहून लिंटियनचे. आपला नसलेला पहिला पर्याय दिसला की डीबिल्ड हात झटकतो आणि उरलेली ओळ बिल्डपॅकेजकडे सरकवतो. -यूएस त्याचा नव्हता. त्याच्यामागे उभा असलेला नो-लिंटियन फुकट परक्या दारात गेला. त्याला ओळीच्या सुरुवातीला आणलं. बांधणी झाली.

दुपारी ३. पुण्याहून नव्या मुलाचा फोन. "ताई, लिंटियन इशारे देतोय, पण खुलासा करत नाही. -आय दिलंय की मी."
"कुठे दिलंयस?"
"-यूसीच्या मागोमाग."

लिंटियनसाठी -आय म्हणजे 'खुलासा कर'. पण बिल्डपॅकेजलाही -आय कळतं, आणि तिथे त्याचा अर्थ 'फरक काढताना काही फाइली वगळ'. त्यामुळे कुणी हरकतच घेतली नाही. माझी सकाळची चूक बरी. निदान ओरडली तरी.

५:३०. आईची शिकवणी. शाळेत हिंदी आणि घरी मराठी बोलणारा शेजारचा मुलगा. आई लिहिते, 'बोक्याने उंदराला पकडलं.' शब्द हवे तसे फिरवते. पकडणारा बोकाच राहतो. मग लिहिते, 'बोका उंदीर पकडतो.' मुलगा फिरवतो, 'उंदीर बोका पकडतो', आणि हसत सुटतो.
"प्रत्यय गेला, की जागेवरून ओळखायचं," आई म्हणते.

७. माझ्या पर्यायांनाही प्रत्यय नाहीत. पण लिंटियनच्या -आयचं लांब नाव आहे, --इन्फो, आणि ते बिल्डपॅकेजला ठाऊक नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये '--लिंटियन-ऑप्ट्स'नंतर तेच लिहिते आणि पुण्याच्या मुलाला कळवते.

७:२०. त्याने मुद्दाम ते चुकीच्या जागी टाकून पाहिलंय. निरोप येतो: "ताई, ओरडला!"