पानावरचे आबा, पडद्यावरचे आबा

मला नट व्हायचंय, आणि माझी तालीम दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’पासून सुरू होते. टिपरे कुटुंबातली माणसं आपापली रोजनिशी लिहितात. घर एकच, पण आबांचा सूर वेगळा, नातवाचा वेगळा. मी ती मोठ्याने वाचतो. श्वास कुठे तुटतो, वाक्य कुठे रेंगाळतं, यावरून माणसाचं वय सापडतं.

याच पुस्तकावरून केदार शिंदेंनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका केली आणि आबा खुद्द प्रभावळकरांनीच उभे केले. 2001 साली मालिका सुरू झाली तेव्हा ते साठीच्या आतच होते! त्याआधी चिं. वि. जोशींचा चिमणरावही दूरदर्शनवर त्यांनीच साकारला होता.

मालिका बघताना मी आवाज बंद करून फक्त हात, मान, डोळे बघतो. मग तोच प्रसंग आवाजासह पुन्हा. लिहिलेल्या वाक्याला नटाने काय जोडलं, ते तेव्हा उमगतं. नुसतं शरीर कमावून नट होता येतं, हे मला अजिबात पटत नाही. शब्द तोंडात बसवायलाही घाम गाळावा लागतो.

पुढच्या एकांकिकेत मला म्हातारा करायचाय. म्हणून सध्या शेजारच्या निवृत्त पोस्टमनकाकांची रोजनिशी मीच लिहितोय, त्यांच्या बोलीत.