अडीच हजारांचा स्वयंपाक

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कामामुळे ओळखल्या जाणाऱ्या कोसबाड परिसरात गावात राहून स्वयंपाकाची नोकरी करायची, तर हाताशी असते ती शाळेच्या पोषण आहाराची चूल. कागदोपत्री या पदाला ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ म्हणतात. काम करतात गावातल्याच बाया, बऱ्याचशा वारली. त्यांना पगार नसतो, मानधन असते. केंद्राने २००९ मध्ये ते महिना १,००० रुपये ठरवले. राज्याने वाढवत २,५०० वर आणले. तेही वर्षातले १० महिनेच मिळते.

पंचवीस मुलांपर्यंत एक बाई, शंभरापर्यंत दोन, असा नियम. पाचवीपर्यंतच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरली, तर साठ मुलांना रोज ६ किलो तांदूळ आणि १ किलो २०० ग्रॅम डाळ लागते. निवडणे, धुणे, चिरणे सकाळीच उरकते. कसब दिसते ते फोडणीपासून. मोहरी तडतडली की हळद-तिखट, आणि ते करपायच्या आत डाळ-तांदूळ. मोठ्या पातेल्यातली खिचडी तळाला लागायला वेळ लागत नाही, म्हणून डाव गोल फिरवायचा नाही, तळातून वर ओढायचा. खदखदण्याचा आवाज जड झाला की बाई न बघताच जाळ मागे घेते. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, नवा कमी. हा अंदाज तिला कोणत्याही प्रशिक्षणाने दिलेला नाही. फोडणीचा वास वर्गात पोचतो आणि पाढे म्हणणारी पोरे दाराकडे बघू लागतात.

मग वाढणे, भांडी, झाडलोट. २०२४ मध्ये शासनाने एका पातेल्यातल्या खिचडीऐवजी भात, उसळ आणि गोड पदार्थ अशी रचना सांगितली. काम वाढले, मानधन २,५००च.

शहरात स्वयंपाकाच्या नोकरीची वाट वेगळी. मुंबईत दादरची हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ पासून शेफ घडवते आहे. हॉटेलातली नोकरीही सोपी नाही: ब्रेक शिफ्ट, बारा-बारा तास भट्टीपुढे, सणासुदीला सुट्टी नाही. पण तिथे कॉमीचा, म्हणजे सर्वांत खालच्या आचाऱ्याचा, शेफ द पार्टी (एका विभागाचा प्रमुख) होतो, पुढे सू शेफ, म्हणजे उपमुख्य. अनुभवाला भाव येतो. आदिवासी आश्रमशाळेतल्या स्वयंपाकी आणि कामाठी या पदांना निदान वेतनश्रेणी आहे, मात्र ती पदे वर्षानुवर्षे रोजंदारीवर चालवली गेली आणि कायम करा म्हणत नाशिकला बिऱ्हाड मोर्चे न्यावे लागले. पोषण आहाराच्या बाईला मात्र वरची पायरीच नाही. पंधरा वर्षे रांधले तरी ती मदतनीसच.

फुकट राबण्याला नकार या भागाला नवा नाही. तलासरीजवळच्या झरी गावात मे १९४५ मध्ये जमलेल्या वारल्यांनी, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर यांच्या साथीने, यापुढे वेठ करायची नाही असे ठरवले होते. डिसेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने शाळेतल्या स्वयंपाकिणीला महिना १,००० रुपयांत राबवणे ही राज्यघटनेच्या कलम २३ ने मनाई केलेली वेठबिगारी ठरवली आणि किमान वेतन देण्याचा आदेश दिला. तो खटला उत्तर प्रदेशातला. महाराष्ट्रातल्या पोषण आहार कामगारांची मागणीही तीच आहे: किमान वेतन, आणि बाराही महिन्यांचे.